सतरा नंबर कुणाचा?

पत्र

काका, नमस्कार.

मी लातूरची. घराच्या वरच्या मजल्यावर चार वर्षांपासून अभ्यासिका चालवते. 48 जागा, महिना 1,000 रुपये, सकाळी सहा ते रात्री दहा. प्रत्येकाची जागा ठरलेली, जागेला एक लॉकर. मागच्या महिन्यात सतरा नंबरच्या लॉकरमधून वास यायला लागला, कुणीतरी डबा विसरलेला. खाली चहाच्या गाड्यापाशी जाऊन मी ओरडले, “सतरा नंबर कुणाचा रे?” तर दोन पोरांनी एकदम हात वर केला. मग एकाने पटकन खाली घेतला.

चौकशी केली तर सहा महिन्यांपासून दोघं एका कार्डावर बसतात. एक पालम तालुक्यातला. तो सकाळी सहा ते दोन बसतो, मग मेडिकलवर कामाला जातो. दुसरा कंधारकडचा. तो दोनला येऊन रात्री दहापर्यंत बसतो. पाचशे-पाचशे काढतात. मिस्टर म्हणाले, दोघांचं सामान बाहेर ठेव, बाकीच्यांना कळू दे. त्यावर माझी बारावीतली मुलगी म्हणाली, “आई, आपण पुण्याच्या मामाच्या पासवर्डवर सिनेमे बघतो, ते काय मग?” तिचं खरं आहे. टीव्हीवर ‘हा टीव्ही या घरातला नाही’ असा निरोप आला तेव्हा त्या कंपनीला मीच बोल लावले होते. हीच मुलगी तीन मैत्रिणींसोबत एकाच लॉगिनवर नीटची टेस्ट सिरीज सोडवते, हेही त्या वादातच कळलं.

काका, कंपन्यांनी असं अडवणं बरोबर आहे का? आणि बरोबर नसेल, तर मी कोणत्या तोंडाने अडवू?

— एक अभ्यासिकावाली, लातूर

उत्तर

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी दोनदा हसलो. एकदा ते दोन हात वर आले तेव्हा आणि एकदा लेकीच्या प्रश्नाला. घरात बारावीचं लेकरू असलं की वकील वेगळा लावावा लागत नाही.

हसून झाल्यावर मात्र आमचं वाचनालय आठवलं. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी 31 वर्षं ग्रंथपाल होतो. वर्गणीदाराच्या कार्डावर मागच्या बाजूला एक ओळ छापलेली असायची: ‘या कार्डावरील पुस्तक अन्य व्यक्तीस देऊ नये.’ ती कुणी पाळली नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही कधी पाळायला लावली नाही. कादंबरी परत आली की आत काय काय सापडायचं! हळदीचा अंगठा. एसटीचं तिकीट, तेही अशा गावचं, जिथे आमचा एकही वर्गणीदार नव्हता. एका पुस्तकाच्या समासात तर तीन वेगवेगळ्या अक्षरांत भांडण रंगलं होतं. नायिकेने माहेरी परत जावं की नाही, यावर. वर्गणी एकाची आणि वाचणारी अख्खी गल्ली. आम्हाला त्याचं कौतुकच वाटायचं.

दिवाळी अंकांचं मात्र तसं नव्हतं. त्यांची वेगळी योजना असायची, वेगळी फी, आणि चाळीस-पन्नास अंक दोनशे सभासदांत फिरायचे. तिथे एकाने अंक शेजारणीला दिला, शेजारणीने तो जावेकडे जिंतूरला पाठवला, की इकडे काउंटरवर दुसरा माणूस रोज येऊन विचारायचा, “आला का?” त्याने पैसे भरलेले आणि अंक जिंतूरला. तिथे आम्ही नियम कडक लावला, आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. कपाटात पडून राहिली असती अशी कादंबरी दहा हातांत गेली तर वाचनालयाचं काहीच कमी होत नव्हतं. अंक फिरला की रांगेतल्या माणसाचा हक्क जात होता.

लातूरच्या माणसाला हे मी वेगळं समजावून सांगायला नको. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते दिवस तुम्ही काढलेत. शेजाऱ्याला रेडिओ ऐकू दिला तर आपला आवाज कमी होत नाही, पण टाकीतली घागर दिली तर आपली टाकी तेवढी उतरते. तुमच्या पत्रात या दोन्ही जातीच्या वस्तू एकत्र आल्यात, म्हणून गुंता झालाय. भावाच्या खात्यावरचा सिनेमा हा रेडिओ. सतरा नंबरची खुर्ची ही घागर. टेस्ट सिरीज तिसरंच काहीतरी आहे, तिच्याकडे नंतर येतो.

आधी कंपन्यांचं. तुमची कंपनी कोणती ते तुम्ही लिहिलं नाही, मीही विचारत नाही. जगजाहीर उदाहरण नेटफ्लिक्सचं आहे, त्यावर बोलू. याच कंपनीने 2017 च्या मार्चमध्ये ट्विटरवर जाहीर लिहिलं होतं की प्रेम म्हणजे पासवर्ड वाटून घेणं. तेव्हा गिऱ्हाईक वाढवायचं होतं. पासवर्ड जितका फिरेल तितकं नाव फिरणार होतं. मग 2022 च्या पहिल्या तिमाहीत त्यांचे दोन लाख ग्राहक कमी झाले, दहा वर्षांहून जास्त काळात पहिल्यांदाच. त्याच वेळी त्यांनी हिशेब मांडला, की पैसे भरणारी घरं 22 कोटींच्या वर आणि दुसऱ्याच्या पासवर्डवर बघणारी आणखी 10 कोटींहून जास्त. प्रेम तिथेच आटलं. आधी दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या काही देशांत, 2023 च्या मेमध्ये अमेरिकेत आणि त्याच वर्षी 20 जुलैपासून आपल्याकडे हे कुलूप लागलं.

आता त्यांची बाजू. तुमच्या दोन पोरांबद्दल मिस्टरांनी मनात जो हिशेब केला असेल, म्हणजे सहा महिने गुणिले 1,000, आपलं 6,000 रुपयांचं नुकसान, तोच हिशेब कंपन्या करतात आणि तो नेहमी थोडा फुगलेला असतो. दोघांनाही हजार-हजार भरा म्हटलं असतं तर त्यातला एक जण बहुधा आपल्या कॉट बेसिसच्या खोलीतच गुडघ्यावर पुस्तक घेऊन बसला असता. फुकट बघणारा प्रत्येक जण विकत घेणारा नसतो. पण सगळेच फुकटे नसतात, हेही तितकंच खरं. कुलूप लागल्यावर नेटफ्लिक्सचे ग्राहक घटतील असं माझ्यासारख्या बऱ्याच जणांना वाटलं होतं, आम्ही चुकलो. 2022 अखेर सुमारे 23 कोटी होते, 2023 अखेर 26 कोटी झाले आणि 2024 संपताना 30 कोटींच्या वर गेले. त्यात इतरही कारणं असतील, पण खिशात पैसे असूनही भावाच्या जिवावर बघणारे खूप होते, हे नाकारता येत नाही. (त्यातल्या एकीचं पत्र माझ्यासमोर आहे. रागावू नका.)

जुन्या काळी कुणी असं का अडवलं नाही, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. आमच्या गावात संपादक अनंत भालेरावांचा दैनिक ‘मराठवाडा’ केशकर्तनालयात यायचा आणि संध्याकाळपर्यंत एका अंकावरून चाळीस जणांची नजर फिरायची. वर्तमानपत्राला त्याचं दुःख नव्हतं, उलट आनंदच. कारण त्याची बरीचशी कमाई जाहिरातीची, आणि जाहिरातदाराला सांगता यायचं की अंक एक असला तरी वाचणारे इतके आहेत. खपाचे आकडे वेगळे आणि वाचकांचे वेगळे मोजायची पद्धत त्यातूनच आली. म्हणजे वाटून घेणं तिथे विकणाऱ्याच्या फायद्याचं होतं. जिथे जाहिरात नाही आणि सगळा खर्च वर्गणीवरच चालतो, तिथे तेच वाटून घेणं विकणाऱ्याला टोचतं. अमेरिकेत कॉस्टको नावाची घाऊक मालाची दुकानं आहेत. तिथे सभासद असल्याशिवाय खरेदीच करता येत नाही, आणि माल इतक्या थोड्या नफ्यावर विकतात की एकूण नफ्याचा मोठा भाग सभासदाच्या फीमधून येतो. साधी फी सप्टेंबर 2024 पासून वर्षाला 60 डॉलरची 65 झाली. शेजाऱ्याचं कार्ड घेऊन येणारे वाढले तेव्हा त्यांनी 2024 मध्ये दुकानांच्या दारातच कार्ड तपासायची यंत्रं बसवायला सुरुवात केली. मात्र त्याच फीमध्ये घरातल्या आणखी एका माणसाचं कार्ड ते देतात. अडवणं आणि घर ओळखणं, दोन्ही एकाच दारात.

खरी भानगड या ‘घर’ शब्दाची आहे. आपल्याकडे घर म्हणजे चूल. रेशनकार्डाच्या वेळी तहसीलमध्येही हेच विचारतात, चूल एक की वेगळी? पण मराठवाड्यातल्या घराची चूल एक आणि तोंडं चार गावांत. थोरला चाकणला कंपनीत, धाकटी लातूरला क्लासला, म्हातारी गावाकडे, आणि बीडकडचं घर असेल तर दसऱ्यानंतर आई-बाप उसाच्या फडात. कंपनीला हे घर दिसत नाही. तिला दिसतं वाय-फाय. टीव्ही कोणत्या जोडणीवर चालतो, कोणत्या यंत्रावरून किती वेळा उघडलं जातं, त्यावरून ती ठरवते की तुम्ही एका घरचे की नाही. शिकायला बाहेर ठेवलेलं पोटचं लेकरू त्या हिशेबात परकं ठरू शकतं आणि एका वाय-फायवरचे चार अनोळखी कॉटवाले एक कुटुंब. माझा राग अडवण्यावर नाही, या मोजणीवर आहे. ॲमेझॉनने प्राइम व्हिडिओसाठी जानेवारी 2025 पासून आपल्याकडे पाच उपकरणं आणि त्यात जास्तीत जास्त दोन टीव्ही अशी मर्यादा घातली. ती मला त्यातल्या त्यात बरी वाटते. तिथे घर कुठे संपतं याच्या चौकश्या नाहीत, आकडा सांगून मोकळे.

आपली रेल्वे याबाबत जास्त माणसात आहे म्हणायची. आरक्षित तिकीट दुसऱ्याला विकणं हा 1989 च्या रेल्वे कायद्यात गुन्हा आहे. पण गाडी सुटायच्या 24 तास आधी अर्ज केला तर तेच तिकीट आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा किंवा बायको यांच्या नावावर करून मिळतं. घर नात्यावरून ठरलं, पत्त्यावरून नाही. आता यादी पुन्हा वाचा. भाऊ आहे, म्हणजे तुम्ही पास झालात. लेकीच्या दृष्टीने मात्र तो मामा, आणि यादीत मामा नाही.

तर माझं मत विचाराल तर असं. माल कोणत्या मापाने विकायचा हे ठरवायचा हक्क विकणाऱ्याचा आहे. माणशी विकावा, घराला विकावा, खुर्चीला विकावा. मोंढ्यात कुणी पायलीने देतो, कुणी किलोने, त्याला आपण अन्याय म्हणत नाही. पण माप धान्य ओतायच्या आधी दाखवायचं असतं. पाच-सहा वर्षं पायली भरभरून द्यायची, शीग लावून द्यायची, गिऱ्हाईकाला ‘न्या की, प्रेम आहे’ म्हणायचं, आणि एका सकाळी तीच पायली आतून बुटकी निघायची, याला आपल्याकडे मापात पाप म्हणतात. वर्षाचे पैसे आगाऊ घेऊन मध्येच अट बदलणाऱ्याला तर माझी अजिबात सहानुभूती नाही. तसं कुणी तुमच्याशी केलं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे मागा. नाही दिले तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे तक्रार करा.

हा गुन्हा आहे का, असं तुम्ही विचारलं नाही, पण मनात असेल. मी वकील नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66क (इंग्रजीत 66C) आहे, त्यात दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण भावाने स्वतःच्या हाताने दिलेला पासवर्ड आणि चोरलेला पासवर्ड यांत फरक आहे. तुमचं जे आहे तो कंपनीच्या अटींचा भंग, आणि त्याची शिक्षा टीव्हीवर आलेला तो निरोप. तेवढी भोगलीत.

शिवाय एक हिशेब मांडून बघा. डिसेंबर 2021 मध्ये नेटफ्लिक्सने आपल्याकडचे दर उतरवले. नुसत्या मोबाइलचा 199 वरून 149 झाला, टीव्हीवर चालणारा सगळ्यात साधा 499 वरून 199, आणि चार पडद्यांचा मोठा 799 वरून 649. त्या 649 चे चौघांत भाग पाडले तर 162 रुपये होतात. म्हणजे फोनवर बघणाऱ्याला वाटून घेण्यापेक्षा स्वतःचं घेणं 13 रुपयांनी स्वस्त. कुलूप लावायच्या आधी दीड वर्ष त्यांनी कुलपाची निम्मी गरजच संपवली होती. म्हणूनच इतर देशांत बाहेरचा एक सदस्य जादा पैसे भरून जोडायची जी सोय दिली, ती 2023 मध्ये भारतात कुलूप लावताना दिली नाही. दर आधीच उतरवलेत, वेगळं खातं घ्या, असा त्यांचा सूर. तुमच्या भावाकडे तुमच्या नावाचं प्रोफाइल असेल तर ते उचलून नव्या खात्यात नेता येतं, अर्धवट बघितलेलंही सोबत येतं. घ्यायचं असेल तर घ्या, नसेल तर दिवाळीत भावाकडे जाऊन बघा. फक्त त्याने पासवर्ड कोणता ठेवलाय ते विचारा. तोच शब्द त्याच्या ईमेललाही असेल आणि तुमच्याकडून तो पोरींच्या ग्रुपवर गेला असेल, तर सिनेमापेक्षा मोठं काहीतरी जाईल.

हा दराचा हिशेब मी उगाच नाही केला. तुमच्या अभ्यासिकेचं उत्तर त्यातच आहे.

ती दोन पोरं काय करत होती ते नीट बघा. एक दोनला उठायचा, दुसरा दोनला बसायचा. तुमच्याकडे अर्ध्या दिवसाची जागा मिळतच नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच तयार करून घेतली. सकाळी आठ तास आणि दुपारनंतर आठ तास अशी पाळी लातुरात कितीतरी अभ्यासिकांत मिळते, तुम्हालाही माहीत असेल. पूर्ण दिवस हजारच ठेवा. अर्धा दिवस 600 करा. दोघांना मिळून 1,200 पडतील, म्हणजे तुम्हाला 200 जास्त आणि त्यांना शंभर-शंभर जास्त. त्या शंभरात त्यांना स्वतःच्या नावाचं कार्ड आणि चोरासारखं जिना चढायच्या धाकातून सुटका मिळते. मला वाटतं, देतील. 500 करू नका. पूर्ण दिवसवाले सगळेच उद्या जोड्या जमवून येतील, आणि दुसऱ्या माणसाचा पंखा, लाइट, आरओचं पाणी फुकट येत नाही.

पण अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस जागा पाळीने देऊ नका. दोनच्या ठोक्याला अर्धी अभ्यासिका उठली आणि तेवढीच आत आली की जिन्यावर जो गोंधळ होईल, त्यात पूर्ण दिवस बसणाऱ्याचं चित्त राहणार नाही. त्याने शांततेचे पैसे भरलेत. माझा दिवाळी अंकवाला माणूस तो. बाथरूम किती आहेत, खाली गाड्या किती लागतात, हे बघून दहा-बारा जागा पाळीच्या करा, शक्यतो दाराजवळच्या. जानेवारीनंतर नीटवाल्यांची गर्दी वाढते तेव्हा त्या जागा कमी-जास्त करायचं तुमच्या हातात राहील. आणि कार्डावर छापा, ठसठशीत: हे कार्ड एका व्यक्तीचं आहे. फोटो लावा. आत्ता तुमच्या कार्डावर यातलं काहीच नाही असं पत्रावरून दिसतं. नसेल तर त्या पोरांनी मोडलं काय? तुम्ही जागा विकली होती, माणूस नाही. नवा नियम पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून, आणि मागच्या सहा महिन्यांचं काही मागायचं नाही.

मिस्टरांच्या ‘बाकीच्यांना कळू दे’ यावर मात्र मला जरा बोलायचंय.

वाचनालयात एकदा एक मुलगी यायची, अकरावी-बारावीची असेल. कार्ड शेजारच्या बाईंचं. मला ते वर्षभर माहीत होतं. एका शनिवारी संचालक मंडळातले एक जण काउंटरपाशी उभे होते, आणि त्यांच्यासमोर मी किती दक्ष आहे हे दाखवायची मला हुक्की आली. मी मोठ्याने विचारलं, “हे कार्ड तुझं आहे का?” वाचनालय तसं शांत, त्यामुळे सगळ्यांनी माना वर केल्या. तिने पुस्तक काउंटरवर ठेवलं. नुसतं ठेवलं नाही, कोपऱ्याला कोपरा जुळवून सरळ केलं, कार्ड त्यावर ठेवलं आणि गेली. पुन्हा आली नाही. शेजारच्या बाईंनीही वर्गणी बंद केली. वर्गणी तेव्हा महिना पाच रुपये होती. नियम माझ्या बाजूने होता, कार्डाच्या मागे छापलेला होता, तरी मला ते आज 20-22 वर्षांनी तुम्हाला लिहून सांगावंसं वाटतंय, यावरून काय ते समजा.

सामान बाहेर ठेवू नका. अभ्यासिकेच्या ग्रुपवर नंबर टाकून लिहू नका. त्या मेडिकलवाल्या पोराला दुपारी निघताना आणि कंधारच्या पोराला येताना, दोनच्या सुमारास, दोघं एकत्र भेटतील तेव्हाच गाठा. घरात बोलवा, गाड्यापाशी नको. नवा दर सांगा. डब्याबद्दल हवं तितकं बोला, तो हक्क तुमचा.

आता लेकीची टेस्ट सिरीज. इथे माझं मत तुम्हाला आवडणार नाही, तिला तर मुळीच नाही. नोट्स चौघींनी वाटून घेतल्या, एकीने आणलेलं पुस्तक चौघींनी वाचलं, तर मी टाळ्या वाजवीन. लातुरात पिढ्या तशाच शिकल्या. पण टेस्ट सिरीजमध्ये विकत मिळतो तो निकाल, प्रश्न नव्हे. 720 पैकी किती, वेळ कुठे गेला, कोणता धडा कच्चा. चार जणींनी एका लॉगिनवर पेपर सोडवले की तो अहवाल चौघींची खिचडी होतो. त्यात ऑरगॅनिक केमिस्ट्री कच्ची दाखवली तर कुणाची? एकीचं बायो आणि दुसरीचं फिजिक्स मिळून जी पाचवी मुलगी तयार होते, तिला वैद्यकीयला प्रवेश मिळून काही उपयोग नाही. शिवाय एक पेपर बहुतेक ठिकाणी एकदाच सोडवता येतो. म्हणजे एक जण सोडवते आणि तिघी बघतात. बघून पोहायला येत नाही. पैसे वाचवायचेच असतील तर महागड्या रेकॉर्डेड लेक्चरात वाचवा, टेस्टमध्ये नको. लेक्चरच्या ॲपवर हल्ली पडद्यावर विद्यार्थ्याचा मोबाइल नंबर फिरत असतो, रेकॉर्डिंग पुढे गेलं तर कुणाकडून गेलं ते कळावं म्हणून. ते बघून पालकांना राग येतो. मला नाही येत. ते पेपर काढणारा एखादा मास्तर ट्यूशन एरियातल्या दोन खोल्यांत बसून, तुमच्यासारखाच इन्व्हर्टरचा हप्ता भरत असतो. त्याची टेस्ट सिरीज परवडत नसेल तर चौघींनी जाऊन त्यालाच विचारावं, चार जणींचं एकदम घेतलं तर किती? आपल्याकडे घासाघीस करायला अजून मनाई नाही.

मुलीला पत्रातला हा भाग दाखवा, पण आधी तिला शाबासकी द्या. मामाच्या पासवर्डची आठवण तिने नेमक्या वेळी करून दिली.

राहिला सतरा नंबरचा लॉकर. एकाच लॉकरमध्ये दोघांचं सामान राहणार, तर दुसरी किल्ली करून द्यावी लागेल. साठ-सत्तर रुपये लागतील, ते त्यांच्याकडून घेऊ नका. डबा कुणाचा होता ते मात्र विचारून घ्या आणि मला कळवा, मला उगाच उत्सुकता लागली आहे.

— काका